दोन वर्तुळं एकमेकांवर येतात का? बैहरच्या नकाशावरचे काही गैरसमज

गोंदियाहून बालाघाट, तिथून भरवेली आणि उकवा करत घाट चढला की बैहरचं पठार लागतं. कान्हाच्या मुक्की फाटकाकडे जाणाऱ्यांना हे तहसिलीचं गाव वाटेत भेटतं. मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीकडे जाणाऱ्यांनाही ते ओळखीचं. १९५६ पर्यंत हा सगळा मुलूख नागपूर राजधानी असलेल्या प्रांतात होता. बालाघाट जिल्ह्यातल्या कित्येक घरांचे सोयरेसंबंध आजही भंडारा-गोंदियात आहेत. इथे वर्तुळाचं गणित काढायला कारण हवं, तर ते कोंबड्यांचं घेऊ.

भारतात बर्ड फ्लूचा पहिला मोठा उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला. तेव्हापासून एक गोष्ट ठरून गेली आहे. बाधित शेड सापडली की प्रशासन नकाशा उघडतं आणि शेडभोवती वर्तुळं आखतं. केंद्र सरकारच्या आताच्या कृती आराखड्याप्रमाणे १ किलोमीटरपर्यंत बाधित क्षेत्र आणि तिथून १० किलोमीटरपर्यंत निगराणी क्षेत्र असतं. आता समजा, आणि हे फक्त समजायचंच आहे, एक शेड बैहरमध्ये आहे. दुसरी तिथून अक्षांशाने बरोबर ५ मिनिटं दक्षिणेला आणि रेखांशाने बरोबर १० मिनिटं पूर्वेला, मलाजखंडच्या अंगाला आहे. दोन्हींची १० किलोमीटरची वर्तुळं एकमेकांवर येतात का?

प्रश्न दहावीच्या पुस्तकातला आहे. तरी उत्तर चुकवायच्या वाटा पुष्कळ, आणि त्यातल्या बहुतेक वाटा सूत्रापर्यंत पोहोचायच्या आधीच फुटतात.

गैरसमज: वर्तुळं छेदतात का हे बघायला दोन्ही समीकरणं सोडवावीच लागतात.

वस्तुस्थिती: छेदनबिंदू कुठे आहेत हे हवं असेल तरच सोडवा. छेदतात की नाही एवढंच विचारलं असेल, तर केंद्रांमधलं अंतर आणि दोन त्रिज्या एवढ्या तीन संख्या पुरतात. महाराष्ट्राच्या दहावीच्या गणित भाग २ मध्ये ‘वर्तुळ’ प्रकरणात स्पर्शवर्तुळांचं प्रमेय आहे आणि ‘निर्देशक भूमिती’ प्रकरणात अंतराचं सूत्र आहे. ही दोन प्रकरणं एकमेकांशेजारी ठेवली की आपली कसोटी तयार. विद्यार्थी मात्र एक प्रकरण संपवून दुसऱ्याकडे जातो आणि वाटेत हा सांधा निसटतो.

एक उदाहरण शेवटपर्यंत वापरू. पहिल्या वर्तुळाचं केंद्र (१, २), त्रिज्या ३. दुसऱ्याचं केंद्र (७, १०). आडवं अंतर ६, उभं ८, म्हणून केंद्रांतर १०. आता दुसऱ्या वर्तुळाची त्रिज्या हळूहळू वाढवत न्या. त्रिज्या ५ असताना बेरीज ८, अंतर १०, म्हणजे वर्तुळं वेगळी. त्रिज्या ७ झाली की बेरीज १०, बाहेरून स्पर्श. ८ झाली की वर्तुळं दोन बिंदूंत छेदतात आणि १३ पर्यंत छेदत राहतात. बरोबर १३ ला, १३ वजा ३ म्हणजे १०, आतून स्पर्श. १४ ला लहान वर्तुळ मोठ्याच्या पोटात जातं आणि दोन्ही परीघ एकमेकांना शिवतही नाहीत.

वर्गमूळ काढायचीही गरज नाही. अंतराचा वर्ग १०० आहे. त्याची तुलना त्रिज्यांच्या बेरजेच्या वर्गाशी करा. संगणकाच्या खेळांमध्ये दोन चेंडू आदळले का हे असंच पाहतात, कारण वर्गमूळ काढण्यात उगाच वेळ जातो. फक्त बेरजेचा वर्ग म्हणजे वर्गांची बेरीज नव्हे. त्रिज्या ३ आणि ८ असताना ९ अधिक ६४ म्हणजे ७३ धरलं, तर ७३ हे १०० पेक्षा कमी म्हणून वर्तुळं वेगळी असं उत्तर येतं, आणि ते साफ चूक आहे. ११ चा वर्ग १२१. वर्गांची बेरीज जिथे अंतराच्या वर्गाइतकी होते, ती वेगळीच जागा आहे: तिथे वर्तुळं एकमेकांना काटकोनात छेदतात.

गैरसमज: अंतर त्रिज्यांच्या बेरजेपेक्षा कमी असलं की झालं, वर्तुळं छेदतात.

वस्तुस्थिती: हे अर्धंच खरं आहे, आणि अर्धं खरं असल्यामुळेच ते टिकून आहे. वरच्या उदाहरणात त्रिज्या १४ घेतली तर अंतर १०, बेरीज १७. कसोटी उत्तीर्ण, पण परिघांवर सामाईक बिंदू एकही नाही. छेदायला अंतर बेरजेपेक्षा कमी आणि त्याच वेळी त्रिज्यांच्या फरकापेक्षा जास्त असावं लागतं.

मात्र प्रश्न नेमका काय आहे हे आधी ठरवा. वर्तुळ म्हणजे फक्त परीघ, की परिघाच्या आतली जमीनसुद्धा? निगराणी क्षेत्रात जमीन धरतात. तिथे एक वर्तुळ दुसऱ्याच्या पोटात असलं, तर ते पूर्णच त्याच्यावर आलेलं असतं, आणि अंतर बेरजेपेक्षा कमी एवढीच कसोटी पुरते. दोन कुंपणं कुठे एकमेकांना ओलांडतात असं विचारलं, तर फक्त परीघ मोजायचा आणि दोन्ही अटी लागतात. परीक्षेत जमिनीचा प्रकार क्वचितच विचारतात, व्यवहारात बहुतेक तोच लागतो. म्हणून शाळेत शिकलेली दुसरी अट शेतात नेली की माणूस पूर्ण आत असलेल्या वर्तुळाला ‘छेदत नाही’ म्हणून सोडून देतो.

गैरसमज: एका समीकरणातून दुसरं वजा केल्यावर सरळ रेषा मिळाली, म्हणजे वर्तुळं त्या रेषेवर छेदतात.

वस्तुस्थिती: केंद्रं वेगळी असली की रेषा नेहमीच मिळते, वर्तुळं छेदोत वा न छेदोत. तिला मूलाक्ष म्हणतात. त्रिज्या ३ आणि ५ असताना वजाबाकी करून बघा, ३क्ष + ४य = ३२ ही रेषा मिळते. पहिल्या केंद्रापासून ती ४.२ एककं दूर आहे आणि त्रिज्या आहे ३. रेषा पहिल्या वर्तुळाला शिवतच नाही, मग छेदनबिंदू कुठून येणार? पण हीच रेषा पहिल्या वर्तुळाच्या केंद्रापासून त्रिज्येपेक्षा जवळ आली असती, तर वर्तुळं छेदलीच असती. म्हणजे मूलाक्ष काढला तर फुकट जात नाही, फक्त पुढची एक पायरी करावी लागते.

गैरसमज: अक्षांश हा य आणि रेखांश हा क्ष, अंतराच्या सूत्रात घातले की काम झालं.

वस्तुस्थिती: सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. शिकलेली माणसं ती बिनदिक्कत करतात, कारण मोबाइलवर दोन आकडे दिसतात आणि दोन आकडे म्हणजे निर्देशक असं मनात पक्कं बसलेलं असतं.

अक्षांशाचा एक अंश बैहरपाशी सुमारे ११०.७ किलोमीटरचा आहे. रेखांशाचा एक अंश तिथे सुमारे १०३ किलोमीटरच भरतो, कारण रेखावृत्तं ध्रुवाकडे जवळजवळ येत जातात. बैहर सुमारे २२.१ अंश उत्तरेला आहे आणि त्या कोनाची कोज्या सुमारे ०.९३ आहे. कन्याकुमारीला रेखांशाचा अंश ११० किलोमीटरच्या आसपास, दिल्लीला ९८ च्या आसपास. अंशाची लांबी जागेनुसार बदलते हे भारताच्या जमिनीवर साखळ्या टाकून मोजणाऱ्यांत विल्यम लॅम्बटन होता. १८०२ साली मद्रासजवळ पायारेषा मोजून त्याने सुरू केलेलं काम ७८ अंश रेखांशाच्या आसपास उत्तरेकडे सरकत गेलं. जानेवारी १८२३ मध्ये मोजणी करतच तो वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारला. त्याचं थडगं तिथेच आहे. बैहरच्या माणसाला हे ठिकाण काही परकं नाही.

आता आपल्या दोन शेडी. ५ मिनिटं दक्षिणेला म्हणजे ९.२ किलोमीटर. १० मिनिटं पूर्वेला म्हणजे १७.२ किलोमीटर. अंतराचा वर्ग सुमारे ३८०.५, त्रिज्यांच्या बेरजेचा वर्ग ४००. वर्तुळं एकमेकांवर येतात, केंद्रांतर १९.५१ किलोमीटर, म्हणजे २० ला ४९० मीटर कमी. आता चुकीच्या पद्धतीने करा. दोन्ही दिशांना अंश १११ किलोमीटरचा धरा. उभं अंतर ९.२५, आडवं १८.५, केंद्रांतर सुमारे २०.७. वर्तुळं वेगळी! मधली वस्ती कुठल्याच यादीत दोनदा येणार नाही असं लिहून फाइल पुढे सरकली, आणि गणित तपासणाऱ्यालाही चूक दिसणार नाही, कारण सूत्र बरोबरच वापरलं आहे.

ज्यांना कोज्येची कटकट नको, त्यांनी निर्देशक मीटरमध्येच घ्यावेत. जगभर वापरल्या जाणाऱ्या यूटीएम जाळ्यात बैहर ४४ व्या उत्तर पट्ट्यात येतं. हा पट्टा ७८ ते ८४ अंश रेखांशाचा आहे आणि त्याची मध्यरेषा ८१ अंशांवर आहे, बैहरच्या अगदी शेजारी. तिथे साधं अंतराचं सूत्र हजारात अर्ध्या भागाच्या आत बरोबर येतं. पण बैहरहून पश्चिमेला जात राहिलात तर सावध राहा. नागपूर, वर्धा, यवतमाळ ४४ मध्ये आहेत, अमरावती आणि अकोला ४३ मध्ये. एक केंद्र यवतमाळचं आणि दुसरं अमरावतीचं असेल, तर दोन पट्ट्यांचे आकडे एकमेकांतून वजा करून काहीच हाती लागत नाही. दोन्ही आधी एका पट्ट्यात आणावे लागतात.

आणखी एक खोड. अक्षांश-रेखांश मिनिटापर्यंतच लिहिलेले असतील, तर अर्ध्या मिनिटाची चूक गृहीतच धरायला हवी, आणि अक्षांशाचं अर्धं मिनिट म्हणजे सव्वानऊशे मीटर. आपली वर्तुळं एकमेकांवर आली आहेत ती जेमतेम ४९० मीटरने. म्हणून मी वर ‘बरोबर ५’ आणि ‘बरोबर १०’ असं म्हटलं. खऱ्या कामात गॅझेटियर छापाचे मिनिटांचे आकडे घेऊन असा निकाल देता येत नाही. शेडीपाशी उभं राहून घेतलेले आकडे हवेत.

गैरसमज: स्पर्श करतात की छेदतात हे जमिनीवर मोजून सांगता येतं.

वस्तुस्थिती: स्पर्श फक्त कागदावर होतो. मोबाइलचा जीपीएस मोकळ्या आभाळाखालीही काही मीटर इकडेतिकडे सांगतो आणि सालाच्या गर्द जंगलात त्याहून जास्त. अंतर बेरजेच्या बरोबर असं मोजून सिद्ध होत नाही. संगणकातही दशांश अपूर्णांकांची बरोबरी तपासणं धोक्याचं असतं. फरक अमुक मीटरपेक्षा कमी आहे का, एवढंच विचारावं. सरकारी यादीत सीमेवरचं गाव आत धरायचं की बाहेर, हे गणित सांगत नाही. ते नियमात आधीच लिहिलेलं असावं लागतं.

गैरसमज: ही कसोटी निर्देशक भूमितीबरोबर पश्चिमेकडून आली.

वस्तुस्थिती: निर्देशक पश्चिमेकडून आले हे खरं, देकार्तचा भूमितीवरचा ग्रंथ १६३७ चा. पण केंद्रांतर आणि त्रिज्या यांची तुलना करायला निर्देशक लागत नाहीत. ते फक्त अंतर काढून देतात. दोन वर्तुळं दोनपेक्षा जास्त बिंदूंत छेदू शकत नाहीत हे युक्लिडच्या तिसऱ्या पुस्तकात आहे. आपल्याकडे ४९९ सालच्या आर्यभटीयाच्या गणितपादात एकमेकांवर आलेल्या दोन वर्तुळांचा नियम आहे. एकमेकांवर आलेल्या भागाच्या रुंदीला तिथे ग्रास म्हटलं आहे. दुसऱ्या वर्तुळाच्या व्यासातून ग्रास वजा करा, उरलेल्याला ग्रासाने गुणा, आणि दोन्ही व्यासांतून ग्रास वजा करून येणाऱ्या बाक्यांच्या बेरजेने भागा. पहिल्या वर्तुळाचा शर मिळतो. शर म्हणजे सामाईक जीवेपासून कंसाच्या माथ्यापर्यंतचं अंतर. आपल्या बैहरच्या वर्तुळांना हा नियम लावला, तर ग्रास ४९० मीटर आणि दोन्ही शर २४५ मीटर. व्यास सारखे असल्यावर निम्मेनिम्मे येणारच.

आर्यभटाला कोंबड्यांची चिंता नव्हती. त्याला ग्रहण मोजायचं होतं. ग्रहण म्हणजे आभाळातली दोन वर्तुळं एकमेकांवर आली की नाही, एवढाच प्रश्न. आणि इथे मराठी मुलखाचा हिशेब मोठा आहे. कोकण किनाऱ्यावरच्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने शके १४४२ मध्ये, म्हणजे १५२० साली, ग्रहलाघव रचलं. ज्या-कोज्येच्या कोष्टकांना फाटा देऊन गणित सुटसुटीत करणारा हा ग्रंथ पुढे कित्येक पिढ्या पंचांगकर्त्यांच्या हाताशी राहिला. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी १८९६ च्या आपल्या ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ या मराठी ग्रंथात या परंपरेचा सविस्तर इतिहास लिहिला आहे. पंचांगातली रीत अशी: ग्रासणारं बिंब आणि ग्रासलं जाणारं बिंब यांच्या व्यासांच्या बेरजेचं निम्मं घ्या. त्याला मानैक्यखंड म्हणतात, आणि ती आपल्या त्रिज्यांच्या बेरजेशिवाय दुसरं काही नाही. त्यातून चंद्राचा शर वजा करा. इथे शर म्हणजे क्रांतिवृत्तापासून चंद्राचं अंतर, म्हणजेच जवळपास केंद्रांतर. काही उरलं तर ग्रहण आहे, नाही उरलं तर नाही.

७ सप्टेंबर २०२५ च्या रात्रीचं खग्रास चंद्रग्रहण घ्या. त्या रात्री पृथ्वीच्या गडद सावलीची त्रिज्या सुमारे ४४ कला होती, चंद्राची सुमारे १६ कला, आणि मध्याच्या वेळी केंद्रांतर सुमारे १६ कला. कला म्हणजे अंशाचा साठावा भाग. बेरीज ६०, अंतर १६, म्हणून ग्रहण आहे. त्रिज्यांचा फरक २८, अंतर त्याहून कमी, म्हणून चंद्र सावलीच्या पूर्ण आत: खग्रास. भारतीय वेळेप्रमाणे रात्री ११ च्या सुमाराला चंद्र पूर्ण आत गेला आणि ८२ मिनिटं आतच राहिला. ‘वर्तुळ वर्तुळाच्या पोटात’ ही पुस्तकात कोपऱ्यात पडलेली शक्यता त्या रात्री सगळ्या देशाला दिसण्याजोगी होती.

सूर्यग्रहणात मात्र केंद्रांतर बघणाऱ्याच्या जागेवर अवलंबून असतं, कारण चंद्र जवळ असल्यामुळे तो ठिकाणानुसार सरकलेला दिसतो. जुन्या ग्रंथांत याला लंबन म्हणतात. २२ जुलै २००९ च्या सकाळी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा सुरत, भोपाळ, वाराणसी, पाटण्यावरून गेला. बैहर त्या पट्ट्याच्या दक्षिणेला राहिलं. त्या दिवशी सूर्यबिंबाची त्रिज्या सुमारे १५.७ कला आणि चंद्राची सुमारे १६.७ कला होती, म्हणजे फरक जेमतेम एका कलेचा. भोपाळहून केंद्रांतर त्या एका कलेच्या आत होतं. बैहरहून एका कलेपेक्षा जास्त, पण बेरजेच्या ३२ कलांपेक्षा कितीतरी कमी. म्हणून एकच चंद्र आणि एकच सूर्य भोपाळला खग्रास आणि बैहरला खंडग्रास होते. जुलैच्या ढगांनी त्यातलं किती दाखवलं हा प्रश्न वेगळा.

गैरसमज: तीन वर्तुळांपैकी प्रत्येक जोडी एकमेकांवर येते, म्हणजे तिघांचा सामाईक भाग असणारच.

वस्तुस्थिती: १८ किलोमीटर बाजूच्या समभुज त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांवर १० किलोमीटर त्रिज्येची वर्तुळं काढा. प्रत्येक जोडीचं केंद्रांतर १८, बेरीज २०. तिन्ही जोड्या एकमेकांवर. पण त्रिकोणाचा मध्य प्रत्येक कोपऱ्यापासून १०.४ किलोमीटरवर आहे आणि तो तिन्हींच्या बाहेर राहतो. मधोमध एक छोटासा वक्र बाजूंचा त्रिकोण उघडाच. मोबाइलचे तीन मनोरे लावले आणि दोन-दोन तपासून ‘सगळं झाकलं गेलं’ म्हटलं, तर त्या भोकातल्या पाड्याला नेटवर्क मिळत नाही. चार किंवा जास्त वर्तुळं असतील तर थोडा दिलासा आहे. ऑस्ट्रियाच्या एडुआर्ड हेलीच्या प्रमेयाप्रमाणे प्रतलावर प्रत्येक तिघांचा सामाईक भाग असेल, तर सगळ्यांचा असतोच. तिघांची तपासणी चुकवता येत नाही, चौघांची करावी लागत नाही.

गैरसमज: एकमेकांवर आलीच असतील तर थोडीफार आली असतील, क्षेत्रफळाची बेरीज घेतली तरी चालेल.

वस्तुस्थिती: कधी चालेल, कधी अजिबात नाही. बैहरच्या उदाहरणात प्रत्येक वर्तुळ ३१४ चौरस किलोमीटरचं आणि सामाईक भाग सुमारे १.४ चौरस किलोमीटर. मधोमध जेमतेम अर्धा किलोमीटर रुंद, साडेचार किलोमीटरहून किंचित कमी लांब, दोन्ही टोकांना निमुळता. बेरजेत तो सहज खपतो. मात्र त्या चिंचोळ्या पट्टीत गाव आहे की नाही, हे प्रत्यक्ष बघावंच लागतं.

आता शेडी जवळ आणा, केंद्रांतर फक्त २ किलोमीटर. सामाईक भाग २७४ चौरस किलोमीटरचा होतो आणि दोन्ही मिळून व्यापलेली जमीन ३५४, ६२८ नव्हे. नवापूरसारख्या जागी, जिथे पोल्ट्री फार्म एकमेकांना लागून आहेत, सगळी वर्तुळं जवळजवळ एकावर एकच पडतात. तिथे क्षेत्रफळं नुसती मिळवून माणसं आणि नुकसानभरपाईचा अंदाज बांधला, तर तो कित्येक पट फुगतो. कोंबड्याही दोनदा मोजल्या जातात, आणि कागदावर त्या दोनदा मरतात.

गैरसमज: वर्तुळात आलं म्हणजे पोहोचण्याजोगं आलं.

वस्तुस्थिती: बालाघाट ते बैहर हे सरळ अंतर ५० किलोमीटरच्या आसपास भरतं. घाटाची वळणं धरून रस्ता बराच लांब पडतो. कावळ्याला लागू असलेलं अंतर बैलगाडीला लागू नाही. शिक्षणहक्काच्या केंद्रीय नमुना नियमांमध्ये पाचवीपर्यंतच्या मुलासाठी १ किलोमीटर आणि आठवीपर्यंतच्यासाठी ३ किलोमीटर असं अंतर आहे, पण ते चालत जाण्याचं अंतर आहे. त्याचं नकाशावर वर्तुळ केलं की मध्ये बंजर नदी आली काय आणि डोंगराचा कडा आला काय, सगळं आतच धरलं जातं. पावसाळ्यात नदीपलीकडची शाळा ८०० मीटरवर असते आणि मुलाला तिथे जाता येत नाही. दोन शाळांची वर्तुळं एकमेकांवर आली म्हणून एक शाळा दुसरीत मिसळायचा प्रस्ताव येतो, तेव्हा पहिला प्रश्न नदीचा विचारावा, सूत्राचा नंतर.

मोबाइल मनोऱ्याचंही तेच. त्याची पोहोच वर्तुळ नसते. मैकलच्या डोंगररांगांत ती दरी धरून लांब जाते आणि टेकडीमागे तुटते. रोगाच्या निगराणीत तरी वर्तुळ बरं, कारण पाखरू रस्त्याने जात नाही.

बैहर-बालाघाटच्या गणिताच्या गुरुजींना एक सुचवणं आहे. फळ्यावर (३, ४) आणि (५, १२) देणं चालू ठेवा, पण वर्षातून एक तास मुलांना मोबाइलवरून आपल्या घराचे आणि शाळेचे अक्षांश-रेखांश काढायला लावा, दशांशाच्या पाच स्थळांपर्यंत. अक्षांशाच्या फरकाला ११०.७ ने गुणा, रेखांशाच्या फरकाला १०३ ने, आणि मग अंतराचं सूत्र वापरा. त्याच दिवशी मुलांना त्या वाटेने पायी चालत पाठवा आणि पावलं मोजायला सांगा. दोन्ही आकडे एकाच वहीत शेजारी शेजारी लिहून घ्या.